हेल्मेट, छत्री, दाढी : अनोळखी रूपाला बिचकणाऱ्या कुत्र्यासाठी



मृगाचा पाऊस सुरू झाला की बेळगावातल्या बऱ्याच घरांत एक गोष्ट हमखास घडते. वर्षभर दूधवाल्याला पाहून शेपूट हलवणारा कुत्रा अचानक त्याच्यावर भुंकायला लागतो. दूधवाला तोच, वेळ तीच, सायकलही तीच. फक्त अंगावर रेनकोट आणि डोक्यावर त्याची टोपी आलेली असते. कुणाचा कुत्रा छत्रीला घाबरतो, कुणाचा हेल्मेटला, कुणाचा दाढीवाल्या माणसाला, कुणाचा काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना, तर कुणाचा खांद्यावर सिलिंडर घेऊन येणाऱ्या गॅसवाल्या अण्णांना. इतर सर्वांशी मात्र हाच कुत्रा अगदी लाडात असतो.

आपल्या मंडळातल्या अनेक कुटुंबांत कुत्री आहेत आणि ही अडचण आमच्या कानावर वारंवार येते. म्हणून या लेखात आम्ही तिची कारणे आणि घरच्या घरी करता येणारे उपाय मांडत आहोत. हा विषय केवळ लाडक्या जनावराचा नाही. फाटकाबाहेर उभा असलेला माणूस, घरातली मुले आणि शेजारपाजार, सगळ्यांशीच त्याचा संबंध आहे.

कुत्र्याला नेमके काय दिसते?

आपण माणूस ओळखतो तो मुख्यतः चेहऱ्यावरून. कुत्रा वास, आवाज, चालण्याची ढब आणि शरीराची बाह्यरेषा या सगळ्यांवरून ओळखतो. त्याची नजर आपल्याइतकी बारीक नसते. निळा आणि पिवळा रंग त्याला वेगळे दिसतात, पण लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. उलट हालचाल टिपण्यात आणि अंधुक उजेडात पाहण्यात तो आपल्यापेक्षा तरबेज असतो.

आता हेल्मेट घातलेल्या माणसाची कल्पना करा. डोके मोठे आणि गोल, डोळे काचेआड, तोंड दिसत नाही, आवाज घुमलेला. रेनकोटमुळे खांदे आणि हात वेगळे दिसत नाहीत, चालताना सळसळ होते आणि अंगाचा वास प्लॅस्टिकखाली दबतो. छत्री तर एका क्षणात फट्‌कन उघडून माणसाचा आकार दुप्पट करते. खानापूरकडच्या शेतात रोप लावताना डोक्यावर इरले घेतलेली बाई किंवा घोंगडीची खोळ पांघरलेला गुराखी दुरून कसा दिसतो ते आठवा. माणसाची ओळखीची आकृतीच तिथे राहत नाही. कुत्र्याच्या दृष्टीने हा ‘टोपी घातलेला माणूस’ नसतो, कसला तरी वेगळाच प्राणी असतो.

दाढी, मोठा गॉगल, फेटा, तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ, बुरखा, गणवेश, पाठीवर चौकोनी पेटी बांधलेला जेवण पोचवणारा मुलगा, डोक्यावर जग घेऊन येणारी जोगतीण, लंगडत चालणारी व्यक्ती या सर्वांच्या बाबतीत कारण हेच आहे. एक तर चेहरा किंवा आकृती बदललेली असते, नाही तर चाल वेगळी असते.

ही भीती येते कुठून?

पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथामुळे ही गोष्ट सर्वमान्य झाली. या काळात पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याच्या मनात ‘नेहमीचे’ म्हणून नोंदले जाते. जे दिसलेच नाही, ते पुढे संशयास्पद ठरते.

ऑक्टोबरमध्ये जन्मलेले पिल्लू जानेवारीपर्यंत या टप्प्यातून बाहेर पडते. त्या काळात पाऊस नसतो, म्हणून त्याने छत्री पाहिलेली नसते. ज्या घरात दाढीवाला पुरुष नाही, तिथल्या पिल्लाला दाढी नवीन असते. म्हणून ‘याला आधी कुणीतरी मारले असणार’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. काही कुत्र्यांच्या बाबतीत तो खरा असतो, पण पुष्कळदा कारण इतकेच असते की तसे माणूस लहानपणी पाहण्यात आलेले नाही.

काही कुत्री जन्मतःच बिचकणारी असतात. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ हाउंड हा शिकारी वाणाचा कुत्रा अनोळखी माणसापासून जरा दूरच राहतो. तो त्याचा स्वभाव आहे. त्याने प्रत्येकाच्या मांडीवर बसावे ही अपेक्षा ठेवू नये. न घाबरता शांत राहिला तरी पुरे.

आणि एकदा धक्का बसला की भीती पसरते. १९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अमेरिकेत एका तान्ह्या मुलावर प्रयोग केला. पांढरा उंदीर दिसला की मोठा आवाज करायचा, असे काही वेळा केल्यावर ते मूल उंदराला घाबरू लागले. इतकेच नव्हे तर ससा, कुत्रा आणि केसाळ कोट पाहूनही रडू लागले. असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते. भीती एका वस्तूपाशी थांबत नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर गोष्टींवरही जाते. एका काठीवाल्याने हाकललेला कुत्रा पुढे छत्री, झाडू आणि क्रिकेटची बॅट यांनाही घाबरू शकतो.

‘आमचा कुत्रा माणूस बरोबर ओळखतो’

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. भंगारवाल्यावर, दाढी-टोपीवाल्यावर, बुरखा घातलेल्या बाईवर किंवा मळके कपडे घातलेल्या मजुरावर कुत्रा भुंकला की घरातले कुणीतरी कौतुकाने हे म्हणते. आम्हाला वाटते, हे वाक्य घरातून कायमचे काढून टाकावे.

कुत्र्याला माणसाची जात, धर्म, भाषा, नियत यांपैकी काहीही कळत नाही. त्याला कळते ती आकृती, वास आणि आपल्या घरातल्यांच्या अंगातला ताण. फाटकाशी कुणी आल्यावर आपणच सावरून बसलो, पट्टा घट्ट धरला, आवाज चढवला, तर कुत्रा ते लगेच टिपतो. म्हणजे कित्येकदा तो समोरच्या माणसाबद्दल नव्हे, आपल्याबद्दल सांगत असतो.

बेळगावसारख्या गावात मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी बोलणारी माणसे एकाच गल्लीतून रोज ये-जा करतात. कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान गणवेशात दिसतात, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत आपलीच मुले मावळ्यांचा वेश करतात आणि स्कूटीवरून कॉलेजला जाणाऱ्या आपल्याच मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात. कुत्र्याला त्या स्कार्फात आणि बुरख्यात फरक वाटत नाही. पण कुत्र्याच्या भीतीवर आपण जो शेरा मारतो तो शेजारी ऐकलेले लहान मूल लक्षात ठेवते. तेव्हा मुलांना सरळ सांगावे : ‘तो माणूस वाईट नाही. आपल्या कुत्र्याने तसे कपडे आधी पाहिलेले नाहीत. आपण त्याला शिकवू या.’

भीती ओळखायची कशी?

भुंकणे आणि गुरगुरणे हे उशिराचे टप्पे आहेत. त्याआधी कुत्रा बरेच काही सांगतो. काही खात नसताना जीभ ओठांवरून फिरवणे, झोप नसताना जांभई देणे, मान वळवणे, डोळ्यांचे पांढरे दिसणे, कान मागे जाणे, शेपूट पायांत घेणे, एक पाय उचलून धरणे, अंगाला ओढ देऊन मागे सरकणे, आणि जागच्या जागी थिजणे. शेवटचे लक्षण सर्वात महत्त्वाचे. हलता-हलता एकदम स्तब्ध झालेला कुत्रा ‘शांत झाला’ असे समजू नये. अशा वेळी माणूस आणखी पुढे आला तर चावा बसू शकतो.

गुरगुरण्यावर ओरडू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. ती मारून बंद केली तरी भीती जात नाही, फक्त सूचना जाते. मग कुत्रा न सांगता चावतो आणि लोक म्हणतात, ‘काही कारण नसताना चावला.’

हे करू नका

कुत्र्याला पट्ट्याने ओढत त्या माणसाजवळ नेऊन ‘बघ, काका काही करत नाहीत’ असे दाखवू नका. पळायला वाट नसलेल्या जनावराची भीती वाढते.

पाहुण्याच्या हातात बिस्किट देऊन कुत्र्याला त्याच्यापर्यंत यायला लावू नका. भुकेपोटी कुत्रा जवळ जातो, बिस्किट तोंडात घेतो आणि मग भानावर येतो की आपण नको त्या माणसाच्या अगदी पुढ्यात उभे आहोत. त्याच वेळी पाहुण्याने डोक्यावर हात ठेवला तर प्रसंग बिघडतो.

काट्यांचा पट्टा, गळा आवळणारी साखळी, विजेचा पट्टा, चापट यांचा उपयोग करू नका. हेल्मेटवाला दिसला की गळ्याला दुखते, हा धडा कुत्रा फार लवकर शिकतो.

मात्र घाबरलेला कुत्रा पायाशी येऊन बिलगला तर त्याला जवळ घ्यायला हरकत नाही. ‘लाड केले की भीती वाढते’ हा समज खरा नाही. भीती ही मुद्दाम केलेली कृती नसते; तिला बक्षीस देऊन ती वाढत नाही.

उपायाचे मूळ : आधी माणूस, मग घास

१९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. मुलगा आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत दूरवर ठेवायचा आणि दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. कुत्र्यांसाठी आज जी पद्धत वापरतात तिचे तत्त्व हेच आहे. तिचे दोन भाग आहेत : अंतर आणि घास.

अंतर म्हणजे कुत्र्याला तो माणूस दिसतो आहे, पण तो अजून खाऊ शकतो, आपल्याकडे पाहू शकतो, अंग सैल आहे, इतके लांब. एखाद्याला हे अंतर १५ फूट असेल, एखाद्याला १०० फूट. खूण सोपी आहे. आवडता घास नाकारला किंवा हिसकून घेतला, तर आपण फार जवळ आलो आहोत. मागे जावे.

घास हा रोजच्या जेवणातला नको. मीठ-मसाला न घालता उकडलेले बिनहाडाचे चिकन, उकडलेले अंडे किंवा शाकाहारी घरात पनीर चालेल. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा, म्हणजे बरेच वेळा देता येतो. कांदा घातलेला रस्सा, बेदाणे, द्राक्षे आणि चॉकलेट कुत्र्याला घातक असतात. कुंदा कितीही चांगला असला तरी तो आपल्यासाठीच ठेवावा.

यात क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी माणूस दिसला पाहिजे, नंतर घास आला पाहिजे. माणूस दिसत असेपर्यंत एकामागून एक घास. माणूस दिसेनासा झाला की घास बंद. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी पिशवी वाजली आणि मग हेल्मेटवाला आला, तर कुत्रा पिशवीलाच घाबरायला शिकेल. कुत्र्याने बसावे, हात द्यावा अशी काही अट घालू नये. तो भुंकला तरी रागावू नये, अंतर वाढवावे. आपल्याला वागणूक नव्हे, भावना बदलायची आहे. ‘हेल्मेट म्हणजे संकट’ याच्या जागी ‘हेल्मेट म्हणजे चिकन’ असे झाले पाहिजे.

हेल्मेटचे उदाहरण : सहा टप्पे

समजा घरात मोती नावाचा कुत्रा आहे आणि तो हेल्मेटला घाबरतो. रोज पाच मिनिटांचा अभ्यास पुरतो. प्रत्येक टप्पा मोती निवांत असेल तरच ओलांडावा. कुणाला दोन दिवस लागतील, कुणाला तीन आठवडे.

१. हेल्मेट नुसते ओसरीच्या कोपऱ्यात ठेवावे. मोतीने पाहिले की घास. स्वतःहून जाऊन हुंगले तर आणखी घास. हेल्मेट त्याच्या तोंडाशी नेऊ नये.

२. घरातल्या ओळखीच्या माणसाने हेल्मेट हातात धरावे, मग काखेत, मग मोतीच्या देखत क्षणभर डोक्यावर ठेवून काढावे. काच उघडी ठेवावी आणि नेहमीच्या आवाजात बोलावे. ‘अरे, हे तर आपले दादा!’ हे त्याला कळू द्यावे.

३. त्याच माणसाने बाहेर जाऊन हेल्मेट घालून फाटकापाशी यावे. मोती आत, लांब आणि पट्ट्यात. दिसला की घास, गेला की बंद. असे आठ-दहा वेळा.

४. मोतीला माहीत असलेल्या शेजाऱ्याने तेच करावे.

५. आता अनोळखी माणूस. मोकळ्या मैदानावर किंवा रुंद रस्त्याच्या पलीकडे त्याने हेल्मेट घालून, अंग तिरके करून, मोतीकडे न पाहता नुसते उभे राहावे. आपण मोतीसह दुरून जावे.

६. मग त्या माणसाने चालावे, बोलावे, पुढे गाडीवरून उतरावे.

इथे एक नियम सांभाळावा. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. माणूस चालू लागला तर अंतर पुन्हा वाढवायचे. माणसे दोन झाली तर ती स्थिर हवीत. काही दिवसांनी मोती हेल्मेटवाला दिसताच मान वळवून आपल्या हाताकडे पाहील, ‘माझा घास कुठे?’ असे. ती खूण दिसली की समजावे, गाडी रुळावर आहे.

आणखी एक. कुत्रा एका हेल्मेटवरून सगळी हेल्मेटे शिकत नाही. काळे, पांढरे, उंच माणूस, ठेंगणा माणूस, सकाळ, रात्र असा बदल करत राहावे लागते. पाच-सहा वेगवेगळी माणसे झाली की पुढचे सोपे जाते.

इतर रूपांसाठी

छत्री आधी मिटलेली, मग अर्धी उघडी, मग पूर्ण उघडून जमिनीवर ठेवलेली, मग हातात. बटण दाबून उघडणारी छत्री सर्वात शेवटी. ही तयारी पावसाळ्यात सुरू करण्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यांत करावी. रेनकोट खुंटीवर टांगून ठेवला तरी निम्मे काम होते. रोज दिसल्याने तो घरातली वस्तू बनतो.

काठी टेकणाऱ्या आजोबांच्या बाबतीत काठी आधी भिंतीशी टेकवून ठेवावी, नंतर घरच्याने ती हळू टेकत चालावे. काठी कधीही कुत्र्याच्या दिशेने उचलू नये.

झाकलेल्या चेहऱ्यासाठी घरातल्या बाईने डोक्यावरून शाल किंवा तोंडाला स्कार्फ घेऊन दुसरा टप्पा करावा. दाढी मात्र काढता-घालता येत नाही, म्हणून तिथे अंतरच कामी येते.

एक पथ्य इथे पाळायला हवे. रस्त्यावरून जाणारी माणसे ही आपल्या कुत्र्याच्या अभ्यासाची साधने नाहीत. कुणाला टोपी, बुरखा किंवा पगडी काढायला सांगू नये. कुणाची मदत हवी असेल तर सरळ विचारावे : ‘आमचा कुत्रा घाबरट आहे, दहा मिनिटे लांब उभे राहाल का?’ बहुतेक माणसे आनंदाने उभी राहतात. नंतर चहा विचारायला विसरू नये.

फाटकाशी येणाऱ्या माणसाची सुरक्षितता

अभ्यास चालू असताना, आणि तो पुरा होईपर्यंत, भुंकण्याची आणि चावण्याची संधीच मिळणार नाही अशी व्यवस्था करावी. दर वेळी भुंकल्यावर गॅसवाले अण्णा निघून जातात. कुत्र्याला वाटते, मीच त्यांना पळवले. म्हणजे भुंकण्याचा सराव रोज होत राहतो.

फाटकाच्या जाळीला आतून खालच्या भागात पत्रा किंवा बांबूची चटई बांधली की बाहेरचे दिसणे कमी होते. सिलिंडर, घंटागाडी, पोस्टमन यांच्या वेळी कुत्रा आतल्या खोलीत असावा. पाटी लावायची तर नुसते ‘कुत्र्यापासून सावध’ न लिहिता ‘बेल वाजवून बाहेर थांबा’ असेही लिहावे आणि ते कन्नडमध्येही लिहावे. ‘नायी इदे’ एवढे दोन शब्द कन्नड लिपीत असले तरी बऱ्याच कामगारांना ते पुरेसे होतात. सूचना वाचता येत नाही म्हणून कुणाला चावा बसू नये.

आलेल्या पाहुण्याला चार गोष्टी सांगाव्यात : कुत्र्याच्या डोळ्यांत बघू नका, हात पुढे करू नका, वाकू नका, पळू नका. घास द्यायचाच असेल तर पाहुण्याने तो कुत्र्याच्या पाठीमागे दूर टाकावा, म्हणजे घासासाठी त्याला माणसापासून लांब जावे लागते आणि जीव मोकळा राहतो.

चावण्याची शक्यता वाटत असेल तर जाळीदार, पिंजऱ्यासारखे मुसके घ्यावे. त्यात कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येते. तोंड आवळून धरणारी कापडी पट्टी उन्हात धोकादायक ठरते. मुसक्याची सवयसुद्धा घास देऊनच करावी.

रेबीजची लस दर वर्षी वेळेवर द्यावी. तरीही कुणाला दात लागला किंवा ओरखडा उठला तर जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. हळद, चुना, मिरची लावू नये. ‘घरचा कुत्रा आहे, काही होत नाही’ असे म्हणून वेळ घालवू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. औषधाचा खर्च आणि बुडालेली मजुरी देणे ही कुत्रा पाळणाऱ्याची जबाबदारी आहे.

सण-समारंभ

गणपतीत आरतीला एकाच वेळी वीस माणसे येतात. कुणी टोपी घालून, कुणी झांजा घेऊन. शिवजयंतीच्या मिरवणुकीला फेटे, दाढ्या, ढाली आणि ढोल सगळे एकत्र असते. असा दिवस अभ्यासाचा नव्हे. कुत्र्याला मागच्या खोलीत, दार लावून, पंखा आणि चघळायला काहीतरी देऊन ठेवावे. मिरवणूक दाखवायला नेऊ नये. पाहुण्यांपैकी कुणी ‘मला कुत्रे काही करत नाहीत’ म्हणाले तरी दार उघडू नये.

नवे पिल्लू आणत असाल तर

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांतली ओळख. लसीकरण पुरे व्हायचे असते म्हणून पिल्लू रस्त्यावर सोडू नये, पण कडेवर घेऊन बाजारात, बसस्थानकाबाहेर, शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटे उभे राहता येते. छत्रीवाला, फेटेवाला, दाढीवाला, गणवेशातला, चाकाच्या खुर्चीतला, धावणारी मुले असे पन्नास प्रकारचे लोक त्याने दुरून, निवांतपणे, तोंडात घास असताना पाहावेत. हातोहाती फिरवण्याची गरज नाही, पाहणे पुरते. घाबरले तर मागे यावे.

डॉक्टरकडे कधी जावे?

आधी सगळ्यांशी चांगला वागणारा कुत्रा अचानक बिचकू लागला तर प्रथम पशुवैद्याकडे न्यावे. सांधेदुखी, कानाचा विकार, कमी झालेली नजर यामुळेही माणूस जवळ आला की कुत्रा घाबरतो. वय झालेल्या कुत्र्याला मोतीबिंदूमुळे ओळखीचा माणूसही आकृतीसारखा दिसतो. भीती इतकी तीव्र असेल की शंभर फुटांवरही तो खात नाही, तर डॉक्टर भीती कमी करणारी औषधे देऊ शकतात. औषध आणि अभ्यास एकत्र चालले तर प्रगती सोपी होते. माणसांच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

काही कुत्री पूर्ण निर्धास्त होत नाहीत. दहा फुटांवरून छत्री गेली तरी शांत उभा राहतो, पण जवळ येऊ देत नाही, इथवर प्रगती झाली तरी ती खरी प्रगती आहे. त्याला साखळीत जखडून ठेवावे लागत नाही, कुणाला देऊन टाकावे लागत नाही आणि फाटकाशी आलेला माणूस न घाबरता आपले काम करून जातो.

शेवटी सभासदांना एक विनंती. या अभ्यासात सर्वात अवघड असते ते पाचव्या टप्प्यासाठी माणूस मिळणे. आपल्या गल्लीत कुणाकडे असा कुत्रा असेल तर रविवारी सकाळी वीस मिनिटे काढून, हेल्मेट घालून किंवा छत्री घेऊन, रस्त्याच्या पलीकडे उभे राहावे. कुत्र्याकडे बघायचे नाही, बोलायचे नाही, नुसते उभे राहायचे.